बडोद्याला तीन दिवस द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून रेल्वेनं बडोदं साधारण 390 किलोमीटर. वेगवान गाडी पाच तासांच्या आत पोचवते. इतकं जवळ असूनही आपली मंडळी तिथं एक रात्र काढतात, राजवाडा बघतात आणि सकाळी केवडियाच्या पुतळ्याकडे निघतात. बडोदं मात्र राहून जातं. त्याला तीन दिवस हवेत, आणि त्यातला एक अख्खा दिवस चांपानेरचा.

आधी वार ठरवा. लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय सोमवारी बंद असतं. चांपानेरला लागून असलेल्या पावागडावर, म्हणजे कालिकामातेच्या डोंगरावर, रविवारी पाय ठेवायला जागा नसते. म्हणून शनिवारी राजवाडा, रविवारी जुनं शहर आणि सोमवारी चांपानेर, असा क्रम लावा.

राजवाडा 1890 साली पुरा झाला. मेजर मँट यांनी काम सुरू केलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी ते तडीस नेलं. तिथं कानाला लावायचं ध्वनियंत्र मिळतं. ते ऐकत फिरायला तासभर लागतो, आणि बरेच जण तेवढ्यावरच परततात. संग्रहालयाचं तिकीट वेगळं असतं, ते चुकवू नका. पूर्वी राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या त्या इमारतीत राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. ही चित्रं आपल्या घराघरांत छापील रूपात पोचली. पण मूळ चित्राजवळ उभं राहिलं, की साडीची जरी म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे आहेत हे कळतं. छापात ते उतरत नाही. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा नुसतं बघावं.

दुपारी मांडवी या जुन्या मंडपाजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय पाहून घ्या. ते रविवारवर टाकू नका. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे सयाजीराव 1875 साली दत्तक म्हणून गादीवर आले. 1906 मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली. या ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, म्हणजे उजेड वरून खाली झिरपत जातो. शाळा काढल्या, तर शिकलेल्यांना पुढं वाचायला पुस्तक हवं, हा विचार त्या इमारतीत दिसतो.

रविवारी जुनं शहर पायीच पाहावं. मधोमध मांडवी आणि चार दिशांना चार दरवाजे: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. सकाळी लवकर निघा, कारण दुकानं उघडली की गल्ल्या दुचाक्यांनी भरतात. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा चुकवू नका. आतल्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत. विश्वामित्री नदीजवळच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. ती भर दिवसाच्या उजेडातच बघा. तिथून कमाटीबाग जवळ. बागेतल्या संग्रहालयात बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. याच बागेत 23 सप्टेंबर 1917 रोजी डॉ. आंबेडकरांनी झाडाखाली बसून अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला. नोकरीसाठी आलेल्या या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळू दिली नव्हती, हे तिथं उभं असताना आठवावं.

मध्ये भूक लागली तर शेव-उसळ खा. पांढरे वाटाणे, वरून जाड शेव, कांदा आणि पाव. तरी वेगळी मागितली तर तिखट आपल्या हातात राहतं.

आता चांपानेर. अंतर पन्नासेक किलोमीटर. 1484 मध्ये महमूद बेगड्यानं हे जिंकून राजधानी वसवली, 1535 मध्ये हुमायूननं घेतलं, आणि पुढं शहर ओस पडलं. त्यावर नवं शहर चढलंच नाही, म्हणून जुनं इतकं उरलं. 2004 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

चूक होते ती इथं. लोक उशिरा पोचतात, पावागडाच्या रांगेत दिवस जातो, आणि जामा मशीद पंधरा मिनिटांत उरकतात. उजाडताच डोंगर गाठा. पायथ्यापासून माचीपर्यंत बस, पुढं रोपवे, आणि रोपवे संपल्यावरही अडीचशेच्या आसपास पायऱ्या उरतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. वारा सुटला की रोपवे थांबतो, मग पायी उतरावं लागतं; परतीची गाडी घट्ट धरून ठेवू नका. नवरात्रात आणि पौर्णिमेला जाऊच नका. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, पण दगड निसरडे होतात.

खाली आल्यावर मशिदींना तीन तास ठेवा. जामा मशिदीत मधल्या घुमटाखाली उभं राहून वर पाहा. तीन मजल्यांच्या सज्ज्यांमधून उजेड आणि वारा आत घेतला आहे, त्यामुळे भर दुपारीही तिथं गारवा असतो. केवडा आणि नगिना मशिदी जरा आत, झाडीत आहेत. तिथं गर्दी नसते. दगडावरची नक्षी निवांत पाहता येते. पाणी बरोबर न्या. स्वतःचं वाहन असेल तर वाटेवरची गोल जिन्याची विहीरही पाहा; एसटीनं गेलात तर ती निसटते.

चौथा दिवस हाताशी असेल तर दक्षिणेकडे वळा. तीस किलोमीटरवर डभोई आहे, तिथली हिरा भागोळ ही तेराव्या शतकातली कोरीव वेस सकाळच्या उन्हात पाहावी. पुढं नर्मदेकाठी गरुडेश्वर, माणगावच्या टेंबे स्वामींची समाधी. स्वामी तिथं 1914 मध्ये समाधिस्थ झाले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा रस्त्यांवर लोंबत असतो. त्या दोन दिवसांत दुचाकी भाड्यानं घेऊ नका. गळा कापला जातो.

नमस्कार.