गुळव्या कानानं गूळ करतो

पत्रिकेत विषय छापलाय ‘पर्यटन कार्यक्रमातलं साउंडचं काम’. ते सांगणारच आहे, पण आधी मनातलं बोलू द्या. टीव्हीवर फिरायचा कार्यक्रम लागला की आपण म्हणतो, काय भारी दाखवलंय! काय भारी ऐकवलंय असं कधी कुणाच्या तोंडून ऐकलंय? नाही, कारण ऐकवतच नाहीत. पन्हाळा असू दे नाहीतर रंकाळा, खाली तीच बासरी.

आणि हे कोल्हापुरात चालवून घ्यायचं? बाबूराव पेंटरांनी इथं बनवलेल्या कॅमेऱ्याचं आपण छाती काढून सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण ‘अयोध्येचा राजा’, १९३२ चा, मराठीतला पहिला बोलपट, तो प्रभात फिल्म कंपनीनं पुण्याला जायच्या आधी इथंच केला की! म्हणजे कॅमेरा जेवढा आपला तेवढाच माइकपण आपला. टाळ्या शेवटी वाजवा, घड्याळ समोरच आहे.

तर गुऱ्हाळ. एका वाहिनीसाठी गुळावर भाग करत होतो. पहाटेचा गारठा, चुलवाणात चिपाडं पेटलेली, रसाच्या मोठ्या कढईवर, काहिलीवर, एवढी वाफ की कॅमेरामन सारखा लेन्स पुसतोय. पलीकडं चरकाचं इंजिन धडधडतंय, ते माझ्या प्रत्येक ट्रॅकमध्ये. मालकांना म्हटलं काका, थोडा वेळ बंद कराल का, तर बिचाऱ्यांनी केलं हो, गाळपाच्या टायमाला इंजिन बंद करणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आमची अँकर गुळवे मामांना, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरांना, प्रश्नावर प्रश्न विचारत होती, भेंडीचं पाणी कशाला घालता, मळी कशी काढता. मामांनी सगळं नीट सांगितलं, आणि रस आटत आल्यावर म्हणाले, “ताई, आता जरा गप ऱ्हावा, मला ऐकू द्या.”

मी लगेच बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, काहिलीवर धरला. रस पातळ असतो तेव्हा फेस नुसता सळसळतो, घट्ट व्हायला लागला की बुडबुडे मोठे होतात आणि एकेक करून फुटतात, फट्... फट्, मध्ये थांबून थांबून. मामांनी थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी केली आणि पत्र्याच्या डब्यावर आपटली. थप्प. मान हलवली. थोड्या वेळानं परत गोळी, परत थप्प. तिसऱ्यांदा टण्ण! “उतरा!” की सगळे धावले, काहील गूळ गार करायच्या वाफ्यात रिकामी. पुस्तकात ही वेळ साधारण ११८ अंशांची लिहिलेली असते, मामांकडं थर्मामीटर नव्हता, कान होता. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ना, ते या कानामुळं पण आहे असं माझं ठाम म्हणणं आहे.

भाग लागला. घरचे सगळे टीव्हीपुढं. गुळवे मामा डब्याकडं मान वाकवून बघतायत, आणि खाली ढोल-ताशाचा लूप! त्यावर गोड आवाजात व्हॉइसओव्हर, ‘मातीतला गोडवा’ वगैरे. टण्ण गेलं, थप्प पण गेलं. मामा मान का वाकवतात हे बघणाऱ्याला कळणार कसं? मी वाहिनीवाल्यांना फोन केला तर म्हणाले, शांतता आली की लोक चॅनल बदलतात. अहो, ती शांतता नव्हती, ते काम चाललं होतं! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. मग मूळ विषय भराभर सांगतो, नवीन पोरं आलीत त्यांनी ऐका. बजेट कमी झालं की पहिला साउंडवाला कापतात आणि कॅमेऱ्यावरच्या माइकवर भागवतात, त्याला दहा फुटांवरचा माणूस आणि रस्त्यावरची वडापची जीप सारखीच. तसं करू नका, निदान एक वेगळा रेकॉर्डर बाळगा. पन्हाळ्यावर लेपलला, म्हणजे कॉलरच्या माइकला, केसाळ टोपी घातल्याशिवाय अँकरला उभं करू नका, वारा सगळं खातो. प्रत्येक ठिकाणी शूट संपल्यावर एक मिनिट सगळ्यांनी गप उभं राहून नुसता तिथला आवाज घ्यायचा, एडिटरला कटवर कट जोडताना तोच लागतो. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात वरचं छत गोल उघडं आहे, तिथं बोललेलं वर निघून जातं, आतल्या मंडपात तेच शब्द घुमतात, दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करा, नाहीतर जागा बदललेली कळतच नाही. आणि एडिटला बसलात की आधी जागेचा आवाज लावा, म्युझिक त्याच्यानंतर, जिथं खरंच लागेल तिथंच.

हॉल सोडायचाय. खिद्रापूरचे दोन्ही ट्रॅक लॅपटॉपवर आहेत, हेडफोन दोनच आहेत, तेव्हा बाहेर पायरीवर बसू आणि रांगेनं ऐका.