रविवार सोडून उरलेले सहा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

‘पाळकसाहेबांना काय, आठवड्यातून एकच दिवस काम!’ हा विनोद चर्चच्या बहुतेक मंडळ्यांमध्ये, म्हणजे तिथल्या सभासदांमध्ये, कुणी ना कुणी करतंच, आणि पाळकही, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तो हसून ऐकून घेतात. आज त्या उरलेल्या सहा दिवसांविषयी बोलू या.

आधी उपदेश. वीस मिनिटं बोलायचं म्हणजे सुमारे दोन हजार शब्द, आणि ते नीट बसवायला आठ-दहा तास सहज जातात. बायबलमधल्या कोणत्या वचनावर बोलायचं हे अनेक चर्चमध्ये वाचनक्रमानं, म्हणजे रविवारवार ठरलेल्या उताऱ्यांच्या यादीनं, ठरतं. 1992 साली प्रसिद्ध झालेला सुधारित सामायिक वाचनक्रम तीन वर्षांच्या चक्रानं चालतो: येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, पुढचं मार्क, त्यानंतर लूक. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानाचे उतारे मधूनमधून येतात. याचा फायदा असा, की पाळकांना आपल्या लाडक्या दहा-बारा उताऱ्यांभोवतीच घिरट्या घालता येत नाहीत.

उतारा आठवड्याच्या सुरुवातीलाच चार-पाच वेळा मोठ्यानं वाचावा, मागचापुढचा अध्याय पाहावा आणि टीकाग्रंथ, म्हणजे उताऱ्याचा अर्थ उलगडणारं पुस्तक, त्यानंतरच उघडावा. तो आधी उघडला, की स्वतःला पडलेले प्रश्न मरतात आणि रविवारी दुसऱ्याचंच डोकं बोलू लागतं. बुधवारपर्यंत उपदेशाचं सार एका वाक्यात मांडता आलं पाहिजे. येत नसेल, तर हातात एक नव्हे, तीन उपदेश आहेत असं समजावं आणि दोन पुढच्यासाठी ठेवून द्यावेत. आणखी एक चूक याहून घातक. मंगळवारी कुणी रडत सांगितलेली घरची गोष्ट रविवारी ‘एका कुटुंबात असं घडलं’ म्हणून व्यासपीठावर येते. नाव घेतलं नाही तरी मंडळी लहान असते, सगळ्यांना कळतं. त्यानंतर त्या पाळकांकडे मन मोकळं करायला कुणी येत नाही.

आता इस्पितळातली भेट. हे काम कुठल्याही शिकवणीपेक्षा खाटेशेजारीच जास्त शिकायला मिळतं. आत जाण्यापूर्वी नर्सला विचारायचं, हात धुवायचे, निघतानाही धुवायचे. खाटेवर बसायचं नाही. हलणाऱ्या गादीनं टाके दुखतात. खुर्ची घेऊन रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसायचं, म्हणजे त्याला मान वर करून बोलावं लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. प्रार्थनेआधी ‘कशासाठी प्रार्थना करू?’ एवढं विचारावं. आपण धरून चालतो की माणसाला बरं व्हायचं आहे; त्याच्या मनात कदाचित दोन वर्षं न बोललेला मुलगा असतो. वाचून दाखवायला बायबलमधलं 23वं स्तोत्र सहा ओव्यांचं आहे, 121वं आठ ओव्यांचं. दमलेल्या माणसाला तेवढं झेपतं. ‘तुम्ही नक्की बरे होणार’ असं वचन मात्र देऊ नये. ते खोटं ठरलं, तर घरचे लोक देवालाच जाब विचारत बसतात.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस देण्याच्या विधीची, छोटी पेटी सोबत असते: इवलेसे पेले, भाकर, द्राक्षारसाची कुपी, स्वच्छ रुमाल. ती उघडण्याआधी पुन्हा नर्सकडे जायचं. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाच्या तोंडात कणभर भाकरही जाता कामा नये, आणि गिळायला त्रास असलेल्याला ठसका लागू शकतो. भेट झाल्यावर आजाराचं नाव रविवारच्या सूचनांमध्ये परवानगीशिवाय वाचायचं नाही. हा नियम जितक्यांदा मोडला जातो, तितका दुसरा क्वचितच मोडला जात असेल.

अंत्यविधीची बातमी फोनवर येते, बहुधा अवेळी. तेव्हाच पूर्ण नाव, वय आणि घरात त्यांना काय म्हणत, हे लिहून घ्यावं. शवपेटीपुढे नाव चुकलं, तर पुढचं सगळं वाया जातं. खरं काम मात्र नंतरच. पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं. तिसऱ्या आठवड्याची ती भेट डायरीत अंत्यविधीच्या दिवशीच टिपून ठेवावी लागते.

कागदपत्रांचं कौतुक कुणी करत नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या टिकाऊ शाईनं, त्याच दिवशी भरायच्या. चूक झाली तर खाडाखोड न करता एका रेघेनं काट मारून शेजारी सही करायची. चाळीस वर्षांनी कुणी दाखला मागायला येतं, तेव्हा तेवढी एक ओळच साक्षीदार असते. अर्पण, म्हणजे उपासनेत जमलेले पैसे, मोजायला किमान दोन माणसं हवीत, आणि त्यांत पाळक नसलेले बरे.

हे सगळं एकट्यानं ओढायचं नसतं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो, ‘अशानं तू थकून जाशील’, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात भोजनाची वाटणी पाहायला सात जण निवडले जातात. हे दोन्ही उतारे पाळक इतरांना आवडीनं शिकवतात. स्वतः मात्र खुर्च्याही मांडतात आणि माइकची बॅटरीही तेच बदलतात.

वर्षातला अवघड आठवडा ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा. पाश्चात्त्य परंपरेत ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे दरवर्षी सगळं वेळापत्रक सरकतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात मनन करायची, तर ती आदल्या महिन्यातच लिहायला घ्यावी लागतात.

आणि रविवार? उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन चालू असतं. तिथंच कुणीतरी, मागची रांग ढकलत असताना, हळूच म्हणतं, ‘परवा रिपोर्ट येणार आहे.’ त्या गर्दीत एवढंच करता येतं: हात क्षणभर जास्त धरायचा, आणि माणूस पायऱ्या उतरण्याआधी खिशातल्या वहीत त्याचं नाव आणि ‘परवा’ लिहून ठेवायचं.