तुमचा देव, माझा देव

हे बैर-शेबा. नेगेव वाळवंटाची उत्तरेकडची कड. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातलं इसहाकाचं बिऱ्हाड इथलं.

इसहाक म्हातारा झालाय, डोळ्यांना दिसत नाही. थोरला एसाव चाळिसाव्या वर्षी दोन हित्ती, म्हणजे इथल्याच कनान देशातल्या, बायका करून मोकळा झाला आणि आईबापाच्या जिवाला घोर लागला. आई रिबका तर म्हणालीच, धाकट्या याकोबानेही अशीच केली, तर मी जगू कशाला?

मग बाप धाकट्याला हाक मारतो. हाच याकोब हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळून, ‘मी एसाव’ म्हणत, या आंधळ्या बापाचा आशीर्वाद घेऊन गेला होता. बापाला सगळं कळलंय. तरी तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणतो, कनानी मुलगी करू नकोस. पदन-अरामात आजोळी जा, लाबानमामाच्या मुलींतली एक कर. आणि आता ओळखून, मनापासून पुन्हा आशीर्वाद देतो.

मामाची मुलगी! मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मूळ हिब्रूत शब्द आहेत ‘आईचा भाऊ’. विहिरीवर लाबानची मुलगी राहेल दिसते, त्या एकाच वचनात ते तीनदा येतात. परक्या मुलखात आईचं माणूस भेटल्याचा आनंद त्यात ऐकू येतो.

लग्नाबद्दल इसहाक इतकं स्पष्ट बोलला. देवाला मान, असं मात्र कुठेच म्हणाला नाही. तुझ्या आजोबाचा, अब्राहामाचा आशीर्वाद तुला मिळो, एवढंच. मला इथे थांबावंसं वाटतं. कारण त्या फसवणुकीच्या दिवशी एसावाला शिकारीला पाठवलेल्या बापाने विचारलं होतं, शिकार इतक्या लवकर कशी मिळाली? याकोबाचं उत्तर होतं, ‘तुमच्या देवाने आणून दिली.’

तुमच्या.

आता याकोब एकटा मामाच्या गावाच्या, हारानच्या वाटेवर आहे. सूर्य मावळलाय. उशाला दगड. स्वप्नात आभाळाला टेकलेली शिडी, तिच्यावरून देवदूत चढताहेत, उतरताहेत. पहाटे उठून तोच दगड तो उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि नवस बोलतो: खायला अन्न, नेसायला वस्त्र मिळालं आणि बापाच्या घरी सुखरूप परतलो, तर परमेश्वर माझा देव होईल.

मामाकडे तो 20 वर्षं राबला. राहेलसाठी केलेली पहिली 7 वर्षं त्याला चार दिवसांसारखी वाटली. लग्नाच्या रात्री मामाने तिची थोरली बहीण लेआ पुढे करून फसवलं, तेही सोसलं.

परतला, तेव्हा इसहाक होता. पुढे तो गेला, तेव्हा एसाव आणि याकोब, दोघांनी मिळून त्याला माती दिली.