कॅमेरा गळ्यात राहू दे, आधी चालून या

नमस्कार मंडळी. आज मी सेटिंगवर फार बोलणार नाहीये, अॅपर्चर-शटर-आयएसओ हे प्रकरण आठवडाभर हात चालवला की जमतं, यूट्यूबवर मराठीत छान शिकवणारे लोक आहेत. मला बोलायचंय त्याच्या आधीचं, की एखाद्या जागी पोचलो की उभं कुठे राहायचं. माझं स्पष्ट मत आहे की शिकणाऱ्याचा फोटो जास्त वेळा इथेच अडतो, आणि आपण दोष देतो कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सला.

आता सीएसएमटी घ्या. आपण सगळे समोरच्या सेल्फी पॉइंटवर जातो, घुमट मधोमध घेतो, क्लिक, झालं. तो फोटो काढाच, पहिल्या नजरेत जे दिसलं ते एकदा घेऊन टाकलं की डोकं मोकळं होतं. पण मग लगेच लोकल पकडू नका ना! पन्नास पावलं डावीकडे जा, उजवीकडे जा, रस्त्यावर कोण चाललंय बघा, उन्हाची तिरीप कुठल्या कमानीत शिरतेय बघा, आणि हे सगळं कॅमेरा डोळ्याला न लावता.

रविवारी आपण वाळकेश्वरला बाणगंगेवर जातोय, तिथलंच उदाहरण देतो. चारी बाजूंनी पायऱ्या, मधे तळं, समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडं, भोवती देवळं आणि त्यांच्या डोक्यावर टॉवर. पोचल्या पोचल्या सगळे वरून वाइड, म्हणजे सगळंच मावेल असा फोटो मारतात, आणि त्यात तळं, देवळं, टॉवर, वायरी, वाळत घातलेले कपडे असं सगळं येतं आणि नजर कुठेच थांबत नाही. आधी एक पूर्ण फेरी मारा. मग एकेक पायरी उतरत जा आणि दर चार पायऱ्यांनी थांबून बघा, वरून ज्या पायऱ्या सुट्या सुट्या दिसत होत्या त्या खाली येता येता एकमेकींवर चढायला लागतात, आणि अगदी शेवटच्या पायरीवर बसून कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली नेलात तर फ्रेमचा अर्धा भाग नुसतं प्रतिबिंब होतो. हे सकाळी लवकर करायचं, कारण वारा पडलेला असतो, दिवस चढला की समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी हलायला लागतं. आणि एक, प्रतिबिंब आकाशापेक्षा थोडं काळपटच येतं, त्यामुळे मोबाइलवर आकाशावर बोट ठेवून एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, लॉक करा, नाहीतर ढग पार उडतात, नुसतं पांढरं उरतं. बदकं आली तर उत्तमच, पण त्यांच्या मागे धावू नका, पाण्यावर रेघ उठेल तिथे फ्रेम धरून बसा, ती येतात.

आता तिथेच एक प्रयोग करायचाय, तो नीट ऐका. दीपमाळेच्या अगदी जवळ जाऊन मोबाइलच्या वाइड लेन्सने फोटो काढा, दीपमाळ मोठी दिसेल आणि मागचा टॉवर बारका, लांब गेलेला. मग जागा मिळेल तितकं मागे या आणि झूम करून दीपमाळ फ्रेममध्ये पहिल्याइतक्याच उंचीची करा. तोच टॉवर आता तिच्या खांद्यावर येऊन बसलेला दिसेल! खूप जणांना वाटतं ही लेन्सची करामत, पण लेन्स फक्त कापून देते, पुढचं-मागचं नातं ठरतं ते तुमचे पाय कुठे आहेत त्यावर. म्हणून उभ्या जागेवरून झूम करणं आणि चालत जवळ जाणं ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईचं जुनं-नवं दाखवायचंय ना, मग ती जवळीक किती ठेवायची हे तुम्ही चालून ठरवा.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा १९३६ सालचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो बघितलाच असेल, कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळचा, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावरचा. लँगबाई आधी तिथून गाडीने पुढे निघून गेल्या होत्या, वीसेक मैल गेल्यावर राहवेना म्हणून गाडी वळवली. पण माझं म्हणणं वेगळंच आहे, तो एकच फोटो नाहीये, त्या वेळच्या बाकीच्या फ्रेमही लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, त्या जरूर शोधून शेजारी शेजारी ठेवून बघा. लांबच्या फ्रेममध्ये तंबू आहे, आजूबाजूचं सामान आहे, मोठी मुलगी आहे. मग त्या जवळ जवळ सरकत गेल्या, एकेक गोष्ट बाहेर गेली, आणि शेवटी उरली ती आई, गालाशी हात, मांडीवर तान्हं, आणि दोन्ही बाजूंनी तोंड फिरवून बिलगलेली पोरं. मला ह्या फ्रेम बघताना दरवेळी भरून येतं, त्या बाईच्या चेहऱ्यामुळे तर आहेच पण ते शोधत जाणं डोळ्यांना दिसतं म्हणूनही.

माणसांचं आलंच आहे तर सांगून ठेवतो, बाणगंगेवर लोक श्राद्धाचे विधी करायला येतात. तिथे कॅमेरा खाली. लांबून झूम करूनही नाही. बाकी कोणी पायरीवर निवांत बसलं असेल तर दोन शब्द बोला, विचारा, बहुतेक जण हो म्हणतात आणि वर कुठून छान दिसतं तेही सांगतात, रोज तिथेच असतात ते.

आणि एकाच जागी परत परत जा हो. मरीन लाइन्सपाशी कठड्यावर उभं राहिलात तर डिसेंबरात सूर्य समुद्रात बुडतो आणि मे महिन्यात मलबार हिलच्या मागे जातो, म्हणजे जागा तीच, तुम्ही तेच, आणि फोटोचा सगळा हिशोबच बदलला.

रविवारी येताना एकच लेन्स आणा, मोबाइल असेल तर तोही चालेल. तिथे काहीही डिलीट करायचं नाही, फसलेलं सुद्धा. नंतर आपण प्रत्येकाचे फोटो काढले त्याच क्रमाने बघणार आहोत, कोण कुठे वळलं, कोण कुठे घाईत निघून गेलं ते मला त्यातच कळतं. चला, आता तुमचे प्रश्न घेऊया.