अमालियनबुर्ग: चांदीच्या वर्खातलं दालन

(दृश्य: दाट झाडी. झाडांआडून हळूहळू दिसणारी बैठी इमारत.)

जर्मनीतल्या म्युनिकमधल्या निंफेनबुर्ग राजवाड्याची ही बाग. झाडांमागे जी बैठी, फिकट रंगाची इमारत दिसते, ती अमालियनबुर्ग. म्युनिक ज्याची राजधानी, त्या बव्हेरियाचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा मान असलेला राज्यकर्ता, कार्ल आल्ब्रेख्त यानं १७३४ ते १७३९ या काळात ती आपली पत्नी मारिया अमालिया हिच्यासाठी बांधून घेतली. तिला शिकारीचा शौक होता. इमारतीच्या माथ्यावर कठड्याचा सज्जा आहे. तिथं उभं राहून फेझंट पक्ष्यांची शिकार होत असे.

आता आत जाऊया.

(दृश्य: दार उघडतं. गोल दालन. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त पावलांचा आवाज.)

हे दालन गोल आहे, त्यामुळे नजर अडायला इथं एकही कोपरा नाही. एक खिडकी, मग आरसा, मग पुन्हा खिडकी. खिडकीतून बाग दिसते आणि आरशातही बागच दिसते. थोड्या वेळानं खरं झाड कुठलं आणि आरशातलं कुठलं, याचा हिशेब आपण सोडून देतो. भिंतींचा रंग फिकट निळा, आणि त्यावरचं सगळं नक्षीकाम चंदेरी. निळा आणि पांढरा हे बव्हेरियाच्या राजघराण्याचे रंग. इथं पांढऱ्याची जागा चांदीनं घेतली आहे.

जरा वर पाहा. जिथं भिंत संपून छत सुरू होतं, तिथं एरवी सरळ पट्टी असते. इथं ती रेघ लाटेसारखी वरखाली होते. तिच्यावर गवत उगवलंय, झाडं वाकलीत, आणि त्या झाडांतून पक्षी उठून मोकळ्या छतात उडालेत. भिंत कुठं संपली ते सांगताच येत नाही. अठराव्या शतकातल्या या सजावटीच्या शैलीला रोकोको म्हणतात. रोकोको म्हणजे नुसती नक्षीची गर्दी, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. संग्रहालयात या शैलीची एखादी सुटी खुर्ची पाहून असं वाटू शकतं. पण ही कला वस्तूंची नाही, खोलीची आहे. प्रकाश, आरसा, रंग, वळण ही सगळी एकत्र आली की मगच ती जिवंत होते.

(दृश्य: पानांच्या नक्षीवर अगदी जवळून कॅमेरा.)

ही पानं, हे पक्षी योहान बाप्टिस्ट त्सिमरमान यांच्या हातचे. चुना आणि जिप्सम यांचा लगदा ओला असेपर्यंतच आकार घेतो. तो सुकायच्या आत कारागिराचं मन ठरलेलं हवं. खालचं लाकडी कोरीवकाम योआखिम डीट्रिख यांचं. आणि चांदी म्हणजे आपल्याकडे मिठाईवर लावतात तसा वर्ख, फुंकर लागली तरी उडणारा. सोन्यापुढे चांदी कमी मोलाची असेल, पण या निळ्या भिंतींवर सोनं जड झालं असतं. इथला उजेड चंद्रप्रकाशासारखा आहे.

या सगळ्याची आखणी केली फ्रांस्वा द कुव्हिलिए यांनी. जन्म १६९५, आजच्या बेल्जियममधला. ठेंगणे होते, म्हणून बव्हेरियाच्या दरबारात त्यांना तेव्हाच्या इलेक्टरच्या करमणुकीसाठी ठेवलं होतं. कुणाच्या तरी लक्षात आलं, की या मुलाला बुद्धी आहे. पुढे दरबारानं त्यांना वास्तुकला शिकायला पॅरिसला पाठवलं. त्या काळचं पॅरिस बदलत होतं. १७१५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई वारला, आणि त्याच्या व्हर्सायच्या भव्य दरबारातले सरदार शहरातल्या घरांकडे वळले. दिवाणखाने लहान झाले. गप्पांसाठी, संगीतासाठी माणसं जवळजवळ बसू लागली. त्या खोल्यांच्या भिंतींवर शिंपले आणि खडकांचे वाकडे आकार आले. फ्रेंचमध्ये त्यांना ‘रोकाय’ म्हणत. त्यावरूनच पुढं ‘रोकोको’ हा शब्द रूढ झाला, तोही थट्टेनं. कुव्हिलिए हे सगळं पाहून म्युनिकला परतले आणि इथल्या कारागिरांच्या हातांतून त्यांनी ते पॅरिसहूनही मोकळं करून घेतलं.

(दृश्य: स्वयंपाकघर.)

स्वयंपाकघरात भिंतभर डच फरशा आहेत. कुव्हिलिए यांनी इथं बांधलेली चूल विस्तव चहूबाजूंनी बंद करणारी होती, वर भोकांच्या लोखंडी पट्ट्या. धूर आणि फुकट जाणारी आच, दोन्ही त्यामुळे आटोक्यात आली.

(दृश्य: शेजारची लहान खोली.)

आणि ही खोली चुकवू नका. वर बंदुका ठेवायची कपाटं. खाली, जमिनीलगत, महिरपीसारखे लहान कोनाडे. शिकारीहून दमून आलेली कुत्री इथं झोपत. त्यांच्या कोनाड्यांभोवतीही पांढऱ्यावर निळ्या रंगात, बारीक कुंचल्यानं वेलबुट्टी काढलेली आहे.