लाडू चालतात, दुकान चालत नाही?

(केनियातील मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘पूर्व आफ्रिकेतील मराठी माणूस’ असा छापला आहे. तो आज बाजूला ठेवते. आमच्या घरी परवा फराळाच्या ताटावर जे भांडण झालं, ते डोक्यातून जात नाही.

माझा भाचा इंजिनीअर आहे. नैरोबीत चांगल्या पगाराची नोकरी आहे. ती सोडून तो उत्तर केनियातल्या लोडवारला दुकान टाकणार आहे. सौर पंप, पाइप, बॅटऱ्या, सुटे भाग असा माल ठेवणार. किटाले मागे टाकून उत्तरेला उतरलं की हिरवळ संपते आणि तुर्कानाचा रखरखीत मुलूख सुरू होतो, तिथे. माझ्या आईने हे ऐकलं आणि हातातली चकली ताटात ठेवली. “इंजिनीअर होऊन वाण्याचं दुकान?” भाचा म्हणाला, “आजी, या लाडवातलं बेसन कुठून आलं? लाडू चालतात, आणि बेसन विकणारा चालत नाही?” आई उठून आत गेली.

उद्धट बोललास, हे मी त्याला तिथेच सुनावलं. पण प्रश्न खरा होता आणि तो एकट्या माझ्या आईला नव्हता.

मोंबासातलं अलिदिना विस्राम हायस्कूल आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हा अलिदिना कोण, हे आपल्या मुलांना आपण कधी सांगितलं? कच्छमधल्या केरा गावात 1851 साली जन्मलेला खोजा मुलगा. 1863 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तो गलबतातून या किनाऱ्यावर आला. आजच्या टांझानियातल्या बागामोयो बंदरात सेवा हाजी पारू यांच्याकडे कामाला लागला. सेवा हाजी म्हणजे त्या काळी आत जाणाऱ्या तांड्यांना माल आणि हमाल पुरवणारं सगळ्यात मोठं नाव. तिथे हा मुलगा हिशेब शिकला, आणि त्याहून अवघड गोष्ट शिकला. कुठल्या मुलखात काय खपतं, ती.

मण्यांचंच बघा. किनाऱ्यावरून आत जाणारा माल म्हणजे कापड, तांब्याची तार आणि काचेचे मणी. एका मुलखात लाल मणी हातोहात जायचे, शेजारच्या मुलखात ते कोणी हातात धरत नसे. आवड बदलली की महिनोन्महिने चालून आणलेला माल पडून. प्रत्येक हमालाच्या डोक्यावर तीसेक किलोचं ओझं, किनाऱ्यापासून आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्यापर्यंत साधारण तीन महिन्यांची पायपीट, आणि शेवटी मण्याचा रंग चुकला तर सगळं पाण्यात. ज्याला गिऱ्हाईक कळत नाही, त्याचं तिथे काम नव्हतं. परतीच्या ओझ्यात मेण असे, कातडी असत, आणि हस्तिदंत असे. त्या हस्तिदंतापायी किती हत्ती गेले आणि किती माणसांच्या पाठी मोडल्या, हेही त्याच व्यापाराच्या खात्यावर आहे. ते वगळून मी त्याचं कौतुक करणार नाही.

1896 मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचं काम सुरू झालं. रूळ पुढे सरकत गेले तशी अलिदिनाची दुकानं सरकत गेली. कंपालात तर त्याने 1898 मध्येच दुकान थाटलं, आणि आगगाडी व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूला पोचली 1901 च्या डिसेंबरात. म्हणजे रेल्वेच्या तीन वर्षं आधी कंपालात कापड, मीठ, साखर मिळत होती. सरोवरावर त्याची स्वतःची गलबतं होती. 1904 पर्यंत तीसच्या वर शाखा झाल्या. जिथे बँक पोचली नव्हती तिथे अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना रोकड लागली तर ती याच्या पेढीतून मिळायची. कच्छ-काठियावाडातून नुकत्याच उतरलेल्या पोरांना तो उधारीवर माल देई आणि पुढच्या वस्तीवर पाठवी. आपण आज ज्यांना जुनी घराणी म्हणतो, त्यांतल्या कित्येकांची सुरुवात असल्या उधारीवर झाली.

ते पुढच्या वस्तीवरचं दुकान कसं होतं, हे जरा डोळ्यांसमोर आणा. पत्र्याच्या भिंती, वर पत्रा, दुपारी आत भट्टी. पुढे फळ्यांचा गल्ला, मागे एका खोलीत बायको-मुलं. मारेकानीचे, म्हणजे कोऱ्या सुती कापडाचे, तागे, रॉकेलचे डबे, मिठाची पोती, काड्यापेट्या, तारेची वेटोळी. कापड हाताने मोजायचं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सरकारने दर झोपडीवर कर लावला होता, युगांडात 1900 च्या करारानुसार वर्षाला तीन रुपये. हो, रुपयेच. इथे तेव्हा आपलाच रुपया चालायचा. पण कवड्यांवर व्यवहार करणाऱ्या शेतकऱ्याने रुपये आणायचे कुठून? तो तीळ, तूप, कातडी आणि पुढे कापूस घेऊन या पत्र्याखाली यायचा. सरकारचा कर आणि शेतकऱ्याचं पीक यांची गाठ त्या गल्ल्यावर पडायची. भाव दुकानदार ठरवायचा, आणि त्यात तो स्वतःचं नुकसान करत नसे, हे उघड आहे. पण बायको-मुलांसह तिथे राहायला दुसरं कोणीही तयार नव्हतं. केनियातल्या मधल्या पठारावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखलेली होती. हिंदी माणसाला ती शेतीसाठी घेता येत नसे. मग त्याच्या हाती उरलं दुकान.

1916 मध्ये काँगोच्या दौऱ्यावर गेलेला अलिदिना ताप घेऊन परतला आणि वारला. त्याच्यामागे पेढी फार काळ तगली नाही. मुलाने वडिलांच्या नावाने बांधून दिलेली शाळा 1923 मध्ये उघडली, ती आजही भरते.

आता आपल्याबद्दल. आपली माणसं कारंजा आणि कंपाला बोटींतून बॅलार्ड पिअरचा निरोप घेऊन आली ती बहुतेक नोकरीचं पत्र खिशात ठेवून. शाळा, दवाखाने, रेल्वे, सरकारी कचेऱ्या. आपण मन लावून कामं केली, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यासोबत आपण एक तोराही आणला. स्थळ सुचवताना “मुलगा काय करतो?” याचं उत्तर “दुकान आहे” असं आलं की आपल्याकडे विषय बदलतो. हे मी या सभागृहात ऐकलं आहे. गणपतीच्या मूर्तीपासून हिंगाच्या डबीपर्यंत सगळं ज्याच्याकडून घेतो, वर्गणी मागायला सगळ्यांत आधी ज्याच्या दारात जातो, तो जावई म्हणून नको? भाचा उद्धटपणे बोलला ते हेच. हा तोरा आपण सोडायला हवा, आणि तो मोठ्यांनी आधी सोडायला हवा. माझ्या आईलाही मी हे सांगितलं आहे.

मात्र त्या रात्री मी भाच्याला एक प्रश्न विचारला आणि तो तिथेच अडला आहे.

त्या पत्र्याच्या दुकानात कापडाचे तागे उचलून देणारा, वजन करणारा एक स्थानिक मुलगा असायचा. दुकानदार त्याची भाषा अस्खलित बोलायचा. तरीही त्या मुलाचं स्वतःचं दुकान फारसं कधी झालं नाही. उधारी केऱ्याच्या पोराला मिळाली, त्याला नाही मिळाली. पुढे 1967 मध्ये इथे केनियात व्यापार परवान्यांचा कायदा आला आणि नागरिकत्व न घेतलेल्यांची लहान गावांतली दुकानं एकामागून एक बंद झाली. 1972 च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आपल्या लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले. तो अन्यायच होता, त्याचं समर्थन कोणीही करू नये. कंपाला-जिंजाहून आलेली कुटुंबं आपल्यातल्या काहींच्या घरी उतरली होती, त्यांचे चेहरे ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. पण सत्तर वर्षं ज्यांना मीठ-साखर विकली, त्यांच्यातून आपल्या बाजूने बोलणारे इतके थोडे का निघाले? दुकानदारांना हा प्रश्न पडला होता. आपण नोकरदारांनी तो स्वतःला विचारलाच नाही, जणू आपला त्याच्याशी संबंध नव्हता.

भाच्याने सगळ्याचा विचार केला आहे. पंपाची हमी, सुटे भाग, पावसात रस्ता बंद झाला तर माल कसा पोचवायचा. लोडवारचा जो तुर्काना मुलगा त्याच्याकडे कामाला लागेल, तो दहा वर्षांनी कुठे असेल, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. “भागीदार करेन,” तो म्हणाला. कधी, किती वाट्याचा, पैसे कुठून घालणार तो, असं मी विचारलं तेव्हा गप्प झाला. माझ्याकडेही उत्तर नाही. चांगल्या मनाने ते आपोआप होईल, असं मला वाटत नाही. आधीच्यांची मनं काही वाईट नव्हती.

भाचा आज इथे शेवटच्या रांगेत बसला आहे. ज्यांच्या शेजारची दुकानं 67-68 मध्ये बंद झाली, ज्यांनी ती माणसं सामान बांधताना पाहिली, त्यांनी जेवणाच्या वेळी कृपा करून त्याच्याशी बोलावं. नोकरी सोडू नकोस, हे त्याला आता पुरेशा लोकांनी सांगून झालं आहे.