पदक मागू नका, नोंद दुरुस्त करून मागा
(माजी सैनिकांच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

व्यासपीठावरचे सगळे साहेब, वीरनारी, वीरमाता, माझे पलटणीतले भाऊ, आणि शेवटच्या रांगेत बसलेली, वडिलांनी हाताला धरून आणलेली तरुण मंडळी, सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘सेवा नोंदी व पदके : अर्जाची पद्धत’. पद्धत सांगणार आहे, घाबरू नका. पण त्याआधी पोटात साठलेलं थोडं बोलू द्या.

मी क्लार्क होतो. बघा, लगेच हसलात. पलटणीत गोळी दुश्मनाची आणि शिवी बाबूची, हे मला ठाऊक आहे. सुट्टी नामंजूर झाली, बाबूची चूक. भत्ता कमी आला, बाबूची चूक. निम्म्या वेळा ते खरंही असायचं. पण पेन्शनीत आल्यापासून लोक माझ्याकडे जे अर्ज घेऊन येतात, ते वाचून माझीच शिवी द्यायची पाळी येते.

अर्ज कसा असतो? पहिलं पान, राष्ट्रपतींना नमस्कार. दुसऱ्या पानावर लढाईचं वर्णन. नदी, अंधार, वरून विमानं, शेजारी पडलेला जोडीदार. वाचताना अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत. शेवटी एक ओळ, ‘तरी मला माझे पदक मिळावे ही विनंती’. सैनिक नंबर नाही. युनिट कुठलं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ते नाही. हा कागद राष्ट्रपती भवनातून संरक्षण मंत्रालयात, तिथून लष्कराच्या मुख्यालयात आणि तिथून शेवटी तुमच्याच रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे तुमच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात येतो. तिथला बाबू शीट रोल, म्हणजे तुमच्या सेवेची नोंदवही, उघडतो आणि लिहितो, ‘नोंद आढळत नाही’. झालं. मग आपण म्हणतो, सरकारला सैनिकाची कदर नाही.

आता एका दादांची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, त्यांना आवडायचं नाही. तोफखान्यातले ड्रायव्हर, हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘साहेब, मला एक मेडल परत करायचंय.’

परत! मेडल मिळावं म्हणून येणारे पुष्कळ पाहिले. परत करायला आलेला हा एकच.

त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवा-पुस्तकात, ‘पश्चिमी स्टार’ लिहिला होता. तुम्हाला माहितीय, १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर होता त्याला पश्चिमी स्टार आणि पूर्वेला होता त्याला पूर्वी स्टार. दादांची रेजिमेंट पश्चिमेला होती, म्हणून सगळ्या रेजिमेंटबरोबर त्यांच्याही नावापुढे पश्चिमी लागला. फक्त दादा तिथे नव्हतेच. लढाईच्या आधी त्यांना गाडीसकट दुसऱ्या युनिटला अटॅच करून, म्हणजे तात्पुरतं जोडून, पूर्वेला पाठवलं होतं. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली आणि १६ ला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा दादा तिकडेच होते. परतल्यावर अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेत नोंद चढवणारा युनिटचा आदेश, कुणी काढलीच नाही. आमच्या बाबू जमातीतला कुणी तरी विसरला.

पश्चिमी स्टार घरी आला. वर त्यांचाच नंबर आणि नाव कोरलेलं. नाव त्यांचं, आघाडी दुसऱ्याची. माणसानं तो एकदाही छातीला लावला नाही. २६ जानेवारीला बाकीची मेडलं लावून झेंड्याला जायचे, त्या स्टारची जागा रिकामी. लोक विचारायचे, तर म्हणायचे, ‘तो माझा नाही.’

त्यांनी जिथे जिथे लिहिलं तिथून एकच उत्तर, ‘आपणास पदक देण्यात आले आहे.’ एका कार्यालयातल्या बाबूनं तर तोंडावर विचारलं, ‘मिळालंय ना? मग तक्रार कसली? स्टार तो स्टार.’ माझ्या धंद्यातला माणूस हे बोलला याची मला आजही लाज वाटते. दादा मला म्हणाले, ‘त्याला सांगून काय उपयोग? पूर्वेला माझ्या गाडीतून मी कुणाला परत आणलं, ते त्याला दिसणार आहे का?’ त्याच्या पुढे ते बोलले नाहीत, मीही खोदलं नाही.

एकदा त्यांच्या घरी मी म्हटलं, दादा, पुरावा काय? ते म्हणाले, मी सांगतोय हाच पुरावा. आतून वहिनी बोलल्या, ‘तेव्हा पत्रावरचा पत्ता बदलला होता की. आधी छप्पन्न होता, मग नव्व्याण्णव.’ मी ताडकन उठलो! एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय; ५६ एपीओ उत्तर-पश्चिमेची टपाल, ९९ एपीओ पूर्वेची. वहिनींना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायच्या, पण पत्ता तोंडपाठ. पेटीच्या तळाशी आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा दोऱ्यानं बांधलेला. त्यात दादांनी पाठवलेली चार ओळींची पत्रं, ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ९९ एपीओ.

पण घरच्या पत्रावर रेकॉर्ड ऑफिस हलत नाही. लष्कर लष्कराच्याच कागदाला मानतं. मी विचारलं, तिकडे आजारी पडला होता? म्हणाले, मलेरिया झाला होता, आठवडाभर मिलिटरी हॉस्पिटलात होतो. बस्स! माहिती अधिकारात वैद्यकीय कागद मागवले. त्यात दाखल झाल्याची तारीख डिसेंबर १९७१, हॉस्पिटल पूर्वेचं, आणि युनिटच्या रकान्यात, बघा हं, त्या दुसऱ्या युनिटचं नाव. दादांनी वर्षानुवर्षं शौर्य लिहिलं, त्यानं काही झालं नाही. डासानं काम केलं.

(हशा)

हसा, पण कागदाची ताकद बघा. दादांच्या फायलीत दोन नोंदी होत्या आणि त्या एकमेकींना खोटं पाडत होत्या. आम्ही अर्जात लढाईबद्दल एक शब्द लिहिला नाही. एवढंच लिहिलं, की आपल्याच कार्यालयातील अमुक कागदाप्रमाणे मी या तारखेला या ठिकाणी होतो, शीट रोलमध्ये ही अटॅचमेंट नाही, ती घ्यावी, आणि पदकाची नोंद त्याप्रमाणे बदलावी. नोंद बदलली. पूर्वी स्टार हातात यायला मात्र आणखी बराच काळ गेला, पदकांचा तुटवडा हा वेगळा रडगाण्याचा विषय आहे. मधल्या काळात लोकांनी सुचवलं, बाजारात मिळतो, घेऊन टाका. दादा म्हणाले, त्यावर माझा नंबर असतो का?

नावांचं एक राहिलं. आपली भरती झाली तेव्हा नाव लिहून घेणारा बहुतेक उत्तरेकडचा. त्यानं तुकारामचे दोन तुकडे केले, तुका वेगळा आणि राम वेगळा. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं गायबच. बायकांचं तर विचारू नका. माहेरची इंदू, लग्नात ठेवलेलं नाव सुनंदा, पार्ट टू ऑर्डरमध्ये सुनंदाबाई, आधारवर इंदुबाई. नवरा असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. तो गेला की कुटुंब पेन्शनच्या वेळी एकाच बाईच्या चार बायका होतात. आता सगळं ‘स्पर्श’वर, म्हणजे पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर, गेल्यापासून तर एका अक्षरानंही अडतं. हे नवरा-बायको दोघं असतानाच उरकून...

अध्यक्षसाहेबांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं. पद्धत सांगतो, लिहून घ्या, भराभर जातो.

पहिलं, डिस्चार्ज बुक उघडा आणि पदकांचं पान आपल्या नोकरीशी ताडून बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला जो नोकरीत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, १५ ऑगस्ट १९९७ ला होता त्याला पन्नासाव्याचं. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या नोकरीची लॉन्ग सर्व्हिस मेडलं वेगवेगळी. श्रीलंकेला गेलेल्यांनी विदेश सेवा मेडल बघा, कारगिलवाल्यांनी ऑपरेशन विजय, २००१-०२ ला सीमेवर तैनात असलेल्यांनी ऑपरेशन पराक्रम, वर बर्फात राहिलेल्यांनी सियाचीन. कित्येकांना आपल्याला काय देय आहे हेच माहीत नसतं.

दुसरं, अर्ज आपल्याच रेकॉर्ड ऑफिसला. मराठा असाल तर बेळगाव, महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स खडकी. राष्ट्रपतींना त्रास देऊ नका. प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या, त्यांचं पत्र सोबत गेलं तर बरं.

तिसरं, आधी माहिती अधिकार, मग अर्ज. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत. शीट रोलची प्रमाणित प्रत, पार्ट टू ऑर्डरी आणि वैद्यकीय कागद मागा. काय नोंदलंय ते बघितल्याशिवाय काय चुकलंय ते लिहिता येत नाही.

चौथं, उशीर करू नका. ज्यांना पेन्शन नाही, त्यांचे सेवेचे कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट करतात. चार-पाच वर्षं नोकरी करून आलेल्या कुणाचं काही राहिलं असेल, तर त्याला आज घरी गेल्यावर फोन करा.

पाचवं, नावाची दुरुस्ती. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, मोठा बदल असेल तर राजपत्र. आधी रेकॉर्ड ऑफिसकडून लागणाऱ्या कागदांची यादी मागवा आणि मगच खर्च करा, नाही तर एजंट लुबाडतात. पेन्शनच्या कागदातला बदल प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून होतो, पण सुरुवात रेकॉर्डपासूनच.

सहावं, नकार आला तर तो लेखी घ्या. तोंडी नकाराला किंमत नाही. लेखी नकारानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. सहा महिन्यांच्या आत जायचं, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. वकील बघून घ्या, ते सांगायला आता वेळ नाही.

आणखी तीन मुद्दे होते, ते राहू द्या. अध्यक्षसाहेब उभे राहिलेत. वहिनी, तुम्ही मघापासून हात वर करताय. साहेबांचं डिस्चार्ज बुक आणलंय ना? चहाच्या वेळेला या, बघतो. पण झेरॉक्स काढून आणा, मूळ प्रत माझ्याकडेही सोडू नका.